तीस डोकी

सुताराने टोच्या तुळईच्या टोकाला लावला आणि तळव्याने दाबला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. लोखंड लाकडात शिरताना जी करकर व्हायला हवी ती झालीच नाही. भिजलेल्या पेंडीत बोट घालावं तसा टोच्या सरळ गेला. त्याने तो ओढून काढला, तसा भोकातून तपकिरी भुसा भुरभुर खाली आला आणि टेबल धरून उभ्या असलेल्या बाईंच्या खांद्यावर सांडला.

बाईंनी तो झटकला नाही. त्यांनी वर बघून विचारलं, दुसरं टोक कसं आहे. सुतार खाली उतरला, दोन टेबलं आणि त्यावरचं स्टूल ओढत पलीकडच्या भिंतीशी नेलं, पुन्हा चढला. त्या टोकाला टोच्या नखभर शिरला आणि अडला. तिकडचं लाकूड अजून जिवंत होतं. दुखणं एका अंगाला होतं, पण अर्धांगवायूही एकाच अंगाला होतो.

शाळेला खोल्या दोन. त्यातल्या लहान खोलीची भिंत दोन पावसाळ्यांपूर्वी बसली, तेव्हापासून चारही इयत्ता या मोठ्या खोलीत भरायच्या. खोलीच्या मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, ही तुळई. तिच्यावर छपराचा खांब, खांबावर आढं, आढ्यावर वासे, वाशांवर हजारभर कौलं. सगळा भार तिच्याच पाठीवर. बाई अकरा वर्षं इथे होत्या. मुख्याध्यापिका त्याच, शिक्षिका त्याच, घंटा वाजवणाऱ्याही त्याच.

सुतार हात पुसत होता तेव्हा बाईंनी त्याला नवा कायदा समजावला. आजवर सरकारातून पैसा यायचा तो इमारतीवर, खोल्यांवर, शिक्षकांवर. उशिरा यायचा, अर्धा यायचा, पण यायचा. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की काही शाळांत नुसत्या शेळ्या बसतात आणि पैसा चाळीस पोरांचा जातो, आणि शहरात एकेका खोलीत सत्तर पोरं कोंबलेली असतात त्यांनाही तेवढाच. म्हणून वर बसून नवा हिशेब मांडला. आता पैसा डोक्यामागे. एका ठरल्या दिवशी साऱ्या राज्यात साहेब लोक जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी डोकी मोजणार. तीस भरली तर डोक्यामागचा पैसाही आणि दुरुस्तीचाही. तीसच्या खाली आलं तर शाळा बंद, आणि पोरं बाजाराच्या गावच्या मोठ्या शाळेत.

"कायदा वाईट नाही," बाई म्हणाल्या. "त्याने आपली शाळा पाहिलेली नाही, एवढंच."

पटावर सत्तावीस होती. मोजणीला बारा दिवस होते.

"बारा दिवस निघतील का?" बाईंनी विचारलं.

"लाकूड तारीख सांगत नाही, बाई," सुतार म्हणाला.

*

घरी म्हातारा उंबऱ्यात बसून पटाशीला धार लावत होता. कंबरेखालून तो गेल्या सहा वर्षांपासून बसलेलाच होता, पण हात शाबूत होते, आणि घरातल्या हत्यारांची धार अजून त्याच्याच ताब्यात होती. ती तुळई त्यानेच चढवलेली, बेचाळीस वर्षांपूर्वी. खोड कसं आणलं, दोरखंडाला सारा गाव कसा लागला, उद्घाटनाला त्या वेळच्या साहेबाने आपल्या पाठीवर थाप कशी मारली, हे त्याने इतक्यांदा सांगितलं होतं की नात ते झोपेतही म्हणाली असती.

सुताराने सांगितलं तेव्हा म्हाताऱ्याने धार लावणं थांबवलं नाही. सागाला काही होत नाही, म्हणाला, तूच टोच्या भिंतीत घातला असशील. चुलीपाशी बसलेल्या त्याच्या बायकोने एवढंच विचारलं, की आपली पोरगी कुठल्या बाजूला बसते.

पोरीला सगळे खार म्हणायचे. नऊ वर्षांची, चौथीत, हाताला येईल त्यावर चढणारी. ती म्हणाली, मी मधे बसते, तिथे वारा लागतो.

दुसऱ्या दिवशी बायको खुरपणीला गेली नाही. रोज बुडवून ती टेकडीवर चढली. तिथे मेंढरंवाल्यांचं एक बिऱ्हाड उतरलं होतं आणि त्यात शाळेच्या वयाची तीन पोरं होती. मेंढरंवालीने तिला पहिल्या दिवशी पाणीसुद्धा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, पोरं शाळेत बसली तर कोकरांमागे कोण, तू फिरणार का. तिसऱ्या दिवशी सुताराची बायको खरंच कोकरांमागे फिरली, काट्यांनी पोटऱ्या सोलून घेतल्या, आणि चौथ्या दिवशी ती तीन पोरं नाकं पुसून शाळेत आणून बसवली. तीस झाली. गावात तिचं नाव झालं. पुढाऱ्याने भर रस्त्यात तिला हात जोडले.

त्याच संध्याकाळी पुढाऱ्याने शाळेच्या पायऱ्यांवर बैठक घेतली. हा पुढारी म्हणजे वाईट माणूस नव्हे. गावासाठी त्याने कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते आणि त्याचा धाकटा नातूही याच खोलीत बसत होता. त्याने सरळ मांडलं. तुळई गेली असं लेखी कळवलं तर आधी इंजिनिअर येणार आणि खोलीला कुलूप लावणार. खोली नाही तर मोजणी नाही, मोजणी नाही तर शाळा नाही. आणि मोठ्या शाळेचा रस्ता खाणीच्या ट्रकांचा, जाऊन येऊन चौदा किलोमीटर. उलट मोजणी निभली तर दुरुस्तीचा पैसा येतो आणि तुळईच नवी बसते. तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची. सुताराने तेवढे दिवस टेकू द्यावा.

लाकूड कुठलं, सुताराने विचारलं. त्याच्याकडे लाकूड होतं, पण ते गोठेवाल्याचं. नव्या गोठ्यासाठी कापून ठेवलेले दोन खांब. गोठेवाल्याशी मी बोलतो, पुढारी म्हणाला.

*

टेकू द्यायला सुताराचे दोन दिवस गेले. पहिल्या दिवशी त्याने तुळईच्या आजारी टोकापासून दोन हातांवर फरशी उचकटली, खाली खडक लागेपर्यंत खणलं, आणि त्यावर जाड फळी बसवली. ओळंबा सोडून वरची जागा खाली उतरवली. खांब दोनदा मापला आणि एकदा कापला, तोही मापापेक्षा बोटभर आखूड, कारण उरलेली जागा पाचरींची. पोरं बाहेर झाडाखाली पाढे म्हणत होती आणि त्या तालावर त्याची करवत चालत होती.

दुसऱ्या दिवशी त्याने खांब उभा केला. एका बाजूने एक पाचर, समोरून दुसरी, आणि हातोड्याचे हलके घाव, एकदा इकडे, एकदा तिकडे. पाचरी एकमेकींवर चढत गेल्या. पाचव्या घावाला वरून आवाज आला, म्हातारं माणूस कूस बदलताना कण्हतं तसा. तुळई सुतभर उचलली. सुताराने हातोडा खाली ठेवला, डोकं खांबाला टेकवलं आणि तसाच थोडा वेळ उभा राहिला. मग मधोमध दुसरा खांब दिला.

पोरांना दोन दिवसांत खांबांची सवय झाली. जागा सोडून ती गोल बसायला लागली. खार एका खांबाला पाठ टेकून धडा वाचायची.

मोजणीला चार दिवस उरले आणि वरून मोजणीचा तक्ता आला. बाईंनी सुताराला बोलावून घेतलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. सुताराला वाचता येत होतं. लिहिलं होतं, खोलीत तात्पुरता आधार दिलेला आहे काय. आहे, नाही. आणि खाली बारीक अक्षरात, आधार असल्यास ती खोली धोकादायक समजावी व त्यातील विद्यार्थी मोजणीत धरू नयेत.

पुढारीही तिथेच बसला होता. तो म्हणाला, अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे. आदल्या संध्याकाळी खांब काढायचे, फरशी सारखी करायची, साहेब गेला की पुन्हा ठोकायचे. इतके दिवस एकटी उभी होतीच ना ती, अर्धा तास नाही का राहणार?

सुताराच्या मनात आलं की खांब असतील तेव्हा पोरं शून्य, आणि खांब नसतील तेव्हा तीस. बाईंनी तक्ता घडी करून वहीत ठेवला, पण सुताराकडे पाहिलं नाही.

*

घरी त्याने सांगितलं तेव्हा म्हाताऱ्याने पटाशी खाली ठेवली. मग म्हणाला, मला तिथे ने.

सुट्टीच्या दिवशी सुताराने बापाला हातगाडीवर बसवलं आणि शाळेत नेलं. म्हातारा सहा वर्षांनी त्या खोलीत येत होता. त्याने लांब काठीला हातोडा बांधायला लावला आणि सुताराला तुळईखालून गाडी ढकलायला सांगितलं. तो खालून हातोड्याने ठोकत गेला, डोळे मिटून, कान वर लावून. चांगल्या टोकाकडून निघाला तेव्हा आवाज खणखणीत येत होता. मधल्या खांबापुढे आवाज जरा बसला. शेवटच्या दोन हातांत तर लाकूड वाजलंच नाही, ओल्या गोणीवर मारल्यासारखं भदभदलं. म्हाताऱ्याने काठी खाली केली.

"हा शेवटचा तुकडा सागाचा नाही," तो म्हणाला.

म्हातारा भिंतीकडे तोंड करून बोलत होता. खोड दोन-तीन हात तोकडं पडलं होतं. दुसरं आणायला मंजुरीतला पैसा उरला नव्हता. वरून निघालेला पैसा खाली येईस्तो तेव्हाही आटायचाच. ठेकेदार म्हणाला, जोड मार. त्याने हलक्या लाकडाचा तुकडा घेतला, जोड भिंतीजवळ येईल असा बसवला, चार खुंट्या मारल्या, वरून पट्टी आणि चुना. कुणाला दिसला नाही.

"साहेबाने पाठीवर थाप मारली ती त्याच दिवशी," म्हातारा म्हणाला. "मी बेचाळीस वर्षं त्या थापेवर काढली."

सुताराने गाडी वळवली. दारापर्यंत आल्यावर म्हाताऱ्याने हात वर करून त्याला थांबवलं.

"अख्खं लाकूड मोडायच्या आधी ओरडतं, माणसाला पळायला वेळ देतं. जोड ओरडत नाही. तो सुटतो. एवढं ध्यानात ठेव."

सुताराने त्याच दुपारी ते बाईंना जाऊन सांगितलं. बाई कपडे वाळत घालत होत्या. हातातला ओला कपडा पिळत त्या इतका वेळ उभ्या राहिल्या की त्यातून पाणी गळायचंही थांबलं. शेवटी म्हणाल्या, पोरांना मी चांगल्या टोकाकडे बसवीन. त्या बाजूला तीस मावतील, दाटीवाटीने. सुताराला ते पटलं, म्हणजे पटवून घेतलं. घरी बायकोला त्याने तेच सांगितलं आणि तिनेही मान डोलावली. कोकरांमागे फिरून पोटऱ्या तिनेच फाडून घेतल्या होत्या.

*

मोजणीच्या आदल्या संध्याकाळी सुताराने पाचरी काढल्या. तुळई त्या सुतभर खाली बसली आणि काही झालं नाही. त्याने फरशा पुन्हा जागेवर ठेवल्या, फटींत माती भरली, खांब शाळेमागे नेऊन गवताने झाकले.

सकाळी वारा सुटला होता. साहेब दहाला येणार होता तो बाराला आला, धुळीने पांढरा होऊन, सोबत यंत्र चालवणारी एक तरुण मुलगी. त्याने पाणी मागितलं, उभ्यानेच प्यायला, आणि उशीर झाल्याबद्दल बाईंची क्षमासुद्धा मागितली. अजून तीन शाळा करायच्या होत्या. पुढाऱ्याने सुताराला अंगणात थांबायला सांगितलं होतं, आत दिसू नकोस म्हणून. तो खिडकीशी उभा राहिला.

बाईंनी पोरांना चांगल्या टोकाशी दाटून बसवलं होतं. साहेबाने बघितलं आणि म्हणाला, असं नाही चालणार. फोटोत तीसही तोंडं आणि मागची भिंत, दोन्ही यायला हवीत. दहादहाच्या तीन रांगा करा, मधोमध.

बाई काहीतरी म्हणाल्या. इकडे उजेड बरा आहे, असं काहीतरी. साहेबाने मान हलवली. नियम त्याने केलेला नव्हता. पोरं उठली आणि रांगा धरून तुळईखाली बसली. खार मधल्या रांगेत होती.

एकेका पोराने पुढे यायचं, यंत्राकडे बघायचं, यंत्राने ओळख पटवायची, की एक डोकं झालं. पण यंत्राला सिग्नल मिळेना. ती मुलगी ते हातभर वर धरून खोलीत इकडून तिकडे फिरायची, मग एक पोरगं व्हायचं. अर्ध्या तासाचं काम तासावर गेलं. पोरं गुडघे खाजवत होती, एकमेकांना चिमटे काढत होती. वाऱ्याने दार एकदा धाडकन आपटलं.

तेव्हा सुताराला दिसलं. झरोक्यातून उन्हाची तिरीप येत होती आणि तिच्यातून भुशाची एक बारीक धार खाली येत होती, तुळईच्या आजारी टोकाशी, भिंतीला लागून. ती थांबली. मग परत सुरू झाली. मेंढरंवाल्यांचं धाकटं पोरगं त्या टोकाला बसलं होतं. त्याने डोक्यावरून हात फिरवला, बोटांना लागलेला भुसा बघितला आणि शेजारच्याच्या तोंडावर फुंकला. दोघं हसली.

एकोणीस झाली होती. सुताराने स्वतःला सांगितलं, अकरा राहिली. वीस झालं. एकवीस. बावीसला यंत्र पुन्हा अडलं. त्याने पुढाऱ्याकडे पाहिलं. पुढारी दाराशी उभा होता आणि तोही वरच बघत होता, आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. पण पाय जागचे हलत नव्हते. तेवीसला धार जाड झाली.

सुतार शाळेमागे गेला. गवत बाजूला केलं, खांब खांद्यावर घेतला, फळी बगलेत, पाचरी आणि हातोडा कमरेला. पुढाऱ्याच्या अंगाला खांब लागला तेव्हा तो बाजूला झाला, अडवलं नाही.

खोलीत कुणी काही विचारलं नाही. पोरांना खांब ओळखीचा होता. ती आपसूक सरकली, खारीने तर पाटी उचलून घेत त्याला जागा करून दिली. सुताराने फरशी उचकटली, फळी ठेवली, खांब उभा केला, पाचरी लावल्या. आणि हातोडा हाणला. एक, दोन, तीन.

साहेबाने कागदातून मान वर केली. "हे काय?"

"टेकू."

"कशाला?"

"तुळई जायला झालीय, साहेब. पोरं बाहेर काढा."

बाईंनी डोळे मिटून घेतले होते. मग उघडले आणि कुणी सांगायच्या आत टाळी वाजवली, नेहमीसारखी, आणि पोरं रांगेने बाहेर गेली. शेवटचं पोरगं बाहेर पडेपर्यंत सुतार खांबाला दोन्ही हात लावून उभा होता, जणू तो छप्पर हातांनीच धरणार होता.

अंगणात सगळेच उभे राहिले. पुढाऱ्याने साहेबाला विनवलं, उरलेली सात इथे उन्हात मोजा, डोकी तीच आहेत. साहेब म्हणाला, खोलीबाहेरची डोकी धरता येत नाहीत. त्याने तक्त्यावर खूण केली. जाताना तो बाईंच्या जवळ थांबला आणि हळू आवाजात म्हणाला,

"मला हे दिसलं नसतं तर बरं झालं असतं."

*

आठवड्यात दाराला कुलूप आणि लाखेचा शिक्का लागला. बाईंची मोठ्या शाळेवर बदली झाली. त्या गेल्या तेव्हा गाडीत बसताना सुताराच्या बायकोचा हात त्यांनी घट्ट दाबला, पण सुतार समोर उभा होता त्याच्याशी बोलल्या नाहीत.

गावात कुणी भांडायला आलं नाही. भांडण झालं असतं तर बरं होतं. गोठेवाला येऊन, कुलपाआधी खोलीतून काढून आणलेले त्याचे दोन्ही खांब मागून गेला, आणि पाचरीचे वळ उठलेत म्हणून सुताराला ते चार लोकांसमोर अंगणातच रंधून द्यायला लावले. सुताराने रंधले. रंध्यातून निघालेल्या सालपटांकडे बघत लोक उभे होते. खुरपणीची टोळी सकाळी निघायची ती त्याच्या बायकोला हाक न मारता निघायला लागली. ती दोन दिवस विळा घेऊन दारात उभी राहिली, तिसऱ्या दिवशी विळा आत ठेवला. मेंढरंवाले टेकडी उतरून गेले होते.

आणि तुळई पडली नाही. महिना गेला, दोन वादळी वारे झाले, शाळेचं छप्पर होतं तसं सरळ. रस्त्याने जाणारा माणूस सुताराच्या दारासमोर आला की चाल मंद करायचा आणि कुणाला उद्देशून नाही असं म्हणायचा, "अजून उभीच आहे म्हणे."

सुतार रोज सकाळी उठल्याबरोबर शाळेकडे बघायचा. आपल्याला काय हवंय हे त्याला कळत होतं, आणि त्याची त्याला लाज वाटायची. बापाने चढवलेलं छप्पर पडावं म्हणून वाट बघणारा मुलगा.

पुढाऱ्याने हार मानली नव्हती. त्याने वर अर्ज केला होता की इमारत सुस्थितीत उभी आहे, भीती खोटी ठरली आहे, पुन्हा मोजणी व्हावी. तसं उत्तरही आलं होतं, पाहणीला माणूस पाठवतो म्हणून.

मोठ्या शाळेत पहिल्या दिवशी अठरा पोरं गेली. खाणीचे ट्रक दिवसभर त्या रस्त्याने धावायचे, आणि रस्त्याला कड अशी नव्हतीच, डांबर संपलं की खड्डा. पंधरा दिवसांत अकरा उरली. मुलींपैकी दोनच, त्यातली एक खार. बाकीची दिवसभर गावात उंडारायची.

एका दुपारी सुतार उरलेलं लाकूड विकून परत येत होता तेव्हा त्याला शाळेतून आवाज ऐकू आला. मागच्या खिडकीचा गज वाकवलेला होता. त्याने आत डोकावलं. आठ पोरं तुळईखाली रांग धरून बसली होती आणि पुढाऱ्याचा नातू हातात फुटकं कौल धरून एकेकाच्या तोंडासमोर नेत होता. ती मोजणी मोजणी खेळत होती. सिग्नल नाही, सिग्नल नाही, असं तो म्हणायचा आणि सगळी खिदळायची.

सुतार ओरडला नाही. त्याला वाटलं, ओरडलो तर आवाजानेच. तो मऊ आवाजात म्हणाला, चला रे, एकेक जण खिडकीपाशी या, धावायचं नाही. आठही बाहेर येईपर्यंत त्याने एकेकाला बगलेत धरून उतरवलं. नातू शेवटी आला. त्याच्या केसांत भुसा होता.

घरी येऊन त्याने बापाला सांगितलं. म्हातारा हत्यारांच्या पेटीकडे सरकला, वाकस बाहेर काढली आणि धारेवरून अंगठा फिरवला.

"मी चढवली," तो म्हणाला. "तू उतरव."

*

दुसऱ्या दिवशी उजाडताच सुताराने शिडी लावली. बायको आधी म्हणाली, सरकारी वस्तू आहे, तुरुंगात घालतील. मग पदर खोचून तीही चढली. वरून ती कौलं काढून द्यायची, तो उतरवायचा, खार खाली रांगेत मांडायची. म्हातारा हातगाडीवर बसून कुठला वासा आधी सोडायचा ते सांगत होता.

पुढारी धावत आला. त्याच्या पायांत चप्पल नव्हती.

"अरे, पाहणीला माणूस येतोय," तो शिडीखालून म्हणाला. "हे खाली आलं की अर्ज मेला. शाळा कायमची गेली. तुला कळतंय का तू काय करतोयस?"

"काल तुमचा नातू आत होता," सुतार म्हणाला.

पुढाऱ्याने शिडीचा पाय धरला, घसरू नये म्हणून. पण हात लावला तो तेवढाच.

तीन दिवस लागले. गाव लांबून बघत होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी नुसती तुळई राहिली, आभाळाखाली आडवी. दोरखंड घालून ती उतरवायची तर दोन माणसांचं काम नव्हतं. सुताराने कुणाला हाक मारली नाही. थोड्या वेळाने गोठेवाला पुढे आला आणि दोराला लागला, मग आणखी चौघं. तुळई हळूहळू, एकदाही न धडकता, जमिनीवर आली.

सगळे जोडाभोवती जमले. पट्टी निघाली होती. चार खुंट्यांपैकी दोन भुगा झाल्या होत्या, दोन घट्ट होत्या. तुकडा अर्धा पोखरलेला होता आणि अर्धा नव्हता. सुताराने खाली बसून तो हाताने चाचपला, टोच्या मारून पाहिला, पुन्हा चाचपला.

"किती दिवस टिकली असती?" पुढाऱ्याने विचारलं.

सुताराने बापाकडे पाहिलं. म्हाताऱ्याने नकारार्थी मान हलवली.

"माहीत नाही," सुतार म्हणाला. "त्या दिवशीच गेली असती. नाहीतर आणखी दहा वर्षं."

लोक एकेक करून पांगले. दोन दिवसांनी नोटीस आली, सरकारी इमारतीची मोडतोड केल्याबद्दल हजर राहावे. सुताराने ती वाचली, घडी घातली आणि खिशात ठेवली.

तारखेच्या दिवशी तो सकाळीच खारीला घेऊन निघाला. कचेरी मोठ्या शाळेच्याच गावी होती. पुढे सहा पोरं चालली होती, दप्तरं पाठीवर, तोंडाला फडकी बांधून. नऊ होती परवापर्यंत. वळणाआड ट्रक ऐकू आला, मग त्याच्यामागे दुसरा. सुताराने पोरांना हाक मारली, सगळ्यांना एका ओळीत खड्ड्याच्या बाजूला घेतलं, आणि आपण डांबरावर त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला. धुळीत पुढचं काही दिसेना. खारीने मागून त्याचा सदरा मुठीत धरला.